सुईणीचे हात आणि इस्पितळाचे दार

१८५५ सालच्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध दोन हप्त्यांनी छापून आला. तो लिहिणारी मुलगी सुमारे चौदा वर्षांची होती, पुण्यास फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती आणि जातीने मांग होती. तिला आज आपण मुक्ता साळवे या नावाने ओळखतो. मांग-महारांची दुःखे हा निबंधाचा विषय. आणि पेशवाईतील जुलमाची व धर्मग्रंथांवरील मक्तेदारीची कैफियत मांडता मांडता ही मुलगी एके ठिकाणी आपल्या लोकांच्या बाळंतिणींकडे वळते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर धड छप्परही नसते, थंडीपावसात त्यांची काय दशा होत असेल याचा विचार वाचकांनी आपापल्या अनुभवावरून करावा, आणि त्यातच एखादीस बाळंतरोग जडला तर वैद्यास द्यावयाचा पैसा तिने कोठून आणावा, गरिबास फुकट औषध देणारा वैद्य तुमच्यात आहे तरी कोण, असा तिचा सवाल आहे.

प्रसूतिसेवेतील विषमतेविषयी मराठीत लिहिलेला याहून जुना मजकूर माझ्या वाचनात नाही. पुढील शंभर वर्षांत या विषयावर सरकारी अहवाल निघाले, दानशूरांच्या निधींची इतिवृत्ते प्रसिद्ध झाली, मिशनरी बायांनी आठवणी लिहिल्या, आणि त्यांपैकी बहुतेकांनी बाळंतिणींच्या मरणाचे खापर सुईणीच्या अज्ञानावर किंवा खुद्द बायकांच्या खुळ्या समजुतींवर फोडले. मुक्तेने मात्र छप्पर, पैसा आणि वैद्याची नियत या तीन गोष्टींकडे बोट दाखविले होते. महाराष्ट्रातील प्रसूतिसेवेचा इतिहास तिच्या या प्रश्नाच्या बाजूने वाचला, तर तो रूढ कथेपेक्षा बराच निराळा दिसतो.

या इतिहासाचा आरंभ सुईणीपासून करावा लागतो. घाटावरच्या अनेक गावांत ती मांगीण असे, कोठे न्हावीण, कोठे महारीण, तर कोठे कोळीण. तिला रात्री-अपरात्री बोलावणे येई. घरातल्या सर्वांत अंधाऱ्या, वाऱ्याला पारख्या खोलीत अडलेल्या बाईजवळ ती बसे, पोटावर हात ठेवून मूल कसे आहे ते अजमावी, कमरेला तेल चोळी, आढ्याला बांधलेल्या दोराला धरून बाईस उकिडवे बसवी आणि पाठीमागून दुसऱ्या बाईस आधार द्यावयास लावी. मूल बाहेर आले तरी बहुतेक जुन्या सुईणी वार पडेपर्यंत नाळ कापीत नसत. मग विळ्याने, घरातल्या पात्याने किंवा बांबूच्या धारदार कांबीने ती कापली जाई, आणि वार खापरात घालून पुरली जाई. त्यानंतरचे दहा दिवस सुईण रोज येई. बाळंतिणीस अंगाला लावी, शेक देई, पाय पसरून त्यांवर बाळ निजवून त्याला न्हाऊ घाली, आणि बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-शेपाची धुरी करी. मुबदला म्हणून सुपातले धान्य, नारळ आणि खण तिच्या पदरात पडे. मुलगा झाला तर घरच्या ऐपतीप्रमाणे लुगडे, मुलगी झाली तर हात आखडता.

या विद्येत काय चांगले होते आणि काय घातक होते, हे दोन्ही स्पष्ट सांगितले पाहिजे. उकिडवे बसून बाळंत होणे आणि नाळ कापण्याची घाई न करणे या दोन रीती इस्पितळांनी कित्येक दशके रानटी ठरविल्या. प्रसूतीच्या वेळी कोणत्या स्थितीत राहावे याची निवड बाईवर सोपवावी, तिला हवी ती सोबतीण जवळ असू द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले गेले तेव्हा गावच्या सुईणीची आठवण कोणी काढली नाही. परंतु त्याच विळ्यातून आणि नाळेवर लावलेल्या राखेतून धनुर्वात अर्भकाच्या अंगात शिरत होता, हेही तितकेच खरे आहे. या रोगाने मूल साधारणतः जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच आखडू लागते. आणि पाचव्या-सहाव्या रात्री सटवी येते, म्हणून तिची पूजा मांडून बाळंतिणीजवळ रात्रभर दिवा जळत ठेवावयाचा, ही आपल्याकडची घरोघरची रीत. त्या रात्रीची धास्ती आपल्या पूर्वजांच्या मनात इतकी खोल का रुजली असावी, याचा विचार करताना धनुर्वाताचे हे दिवस डोळ्यांसमोर आल्याखेरीज राहत नाहीत. दिव्याजवळ जागणाऱ्या आजीचे भय खोटे नव्हते. त्या भयाचे कारण विळ्याच्या पात्यावर होते, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते.

सुईणीच्या ठायी आणखी एक गोष्ट एकवटली होती, आणि ती सामाजिक होती. जिचा एरव्ही अंगणात पाय पडला तर सडा घालावा लागे, तीच मांगीण वाड्याच्या अगदी आतल्या खोलीत जाई आणि घरच्या वंशाच्या दिव्याला पहिला स्पर्श तिचा होई. हे चालत असे, कारण सोयेराच्या, म्हणजे जन्मामुळे येणाऱ्या विटाळाच्या, दहा दिवसांत बाळंतीण स्वतःच घरच्यांना अस्पृश्य ठरलेली असे. जी विटाळाची, तिच्याकडे विटाळाचीच बाई पाठवावयाची, असा तो हिशेब होता. दहा दिवस संपले, खोली सारवली गेली, बाराव्या दिवशी बारशाला साऱ्या गावच्या बायका जमल्या, की सुईण पुन्हा अंगणाबाहेर उभी राही. आणि तिची स्वतःची लेक अडली म्हणजे तिच्या डोक्यावर काय होते, ते मुक्तेने लिहून ठेवलेलेच आहे.

मुक्ता ज्या शाळेत शिकली तिच्या संस्थापकांनीच पुढे या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला हात घातला. १८६३ साली पुण्यात एका ब्राह्मण विधवेने आपले नवजात मूल विहिरीत टाकले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती जोतीरावांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाकाला असे. या प्रकरणानंतर जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांवर त्याचे छापील जाहीरनामे डकवले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असा त्यांचा आशय होता. १८८४ साली सुधारक मलबारी यांच्या बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणांवर अभिप्राय देताना जोतीरावांनी स्वतः नमूद केले आहे की तोपर्यंत पस्तीस विधवा त्या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्यापैकीच एकीचा मुलगा यशवंत. त्याला या दांपत्याने दत्तक घेतले, तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंचे देहावसान झाले तेव्हा तो त्यांच्याबरोबर त्याच कामात होता. पंढरपुरास १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी याच हेतूने अनाथ बालकाश्रम काढला. तेथे न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर हे त्याचे प्रवर्तक होते. या दोन्ही गृहांची मातबरी इमारतीत किंवा वैद्यकीय साधनांत नव्हती. येणाऱ्या बाईला नाव-गाव, नातेसंबंध आणि चारित्र्य यांचा जबाब द्यावा लागत नसे, ही एकच सवलत तेथे होती. आणि त्या काळच्या विधवेला जगविण्यास तीच आधी लागत होती.

इस्पितळे आणि स्त्री-डॉक्टर यांचे पर्व यानंतर येते. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाई जोशी यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत याची कारणे सांगितली. बायका पुरुष डॉक्टरांपुढे संकोचतात, हे कारण सर्वांच्या परिचयाचे होते. आनंदीबाई त्यापुढे गेल्या. युरोप-अमेरिकेतून आलेल्या स्त्री-डॉक्टर या देशात आहेत, पण भाषा, रीतीभाती आणि आचार परके असल्याने त्यांचा आमच्या बायकांना व्हावा तितका उपयोग होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नुसती स्त्री असून भागत नाही, रोगिणीचे घर आणि मन जाणणारी स्त्री हवी, हा मुद्दा अठराव्या वर्षात असलेल्या एका मराठी मुलीने इतक्या नेमकेपणाने मांडला होता. तिचे स्वतःचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात १८८६ साली पदवी घेताना तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्री-विभागावर तिची नेमणूक झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, क्षयाने तिचा अंत झाला.

मुंबईत त्याच सुमारास अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांच्या खटपटीने हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी वैद्यकीय निधी उभा राहिला, पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इमारतीसाठी मोठी देणगी दिली, आणि १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झाले. तेथे रोगीही स्त्रिया आणि डॉक्टरही स्त्रियाच असाव्यात, ही त्यामागची अट होती. इंग्लंडहून आलेल्या एडिथ पीची यांनी तेथील कामाची धुरा प्रथम उचलली. नवऱ्याच्या घरी नांदावयास नकार देऊन अवघ्या मुलखात खळबळ उडविणाऱ्या रखमाबाईंना लंडनला वैद्यक शिकावयास जाण्यासाठी ज्यांनी बळ दिले त्यांत या पीचीबाई होत्या. रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर सुरतेस बायकांच्या इस्पितळावर गेल्या. तेथे बाळंतपणासाठी कोणी बाई येईना. इस्पितळ म्हणजे मरणाची जागा, तेथे मूल जन्माला घालावयाचे हा अपशकुन, अशी लोकांची समजूत होती. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून बांधली, ती तेथे सुखरूप व्याली, आणि ती व तिची करडे बायकांना दाखवून त्यांची भीती त्यांनी मोडली, अशी हकीकत सांगितली जाते. ज्या बाईला भीती वाटते तिच्यापुढे व्याख्यान देण्यापेक्षा तिच्या गोठ्यातला, तिच्या ओळखीचा पुरावा पुढे करावा, हे रखमाबाईंना सुचले. कारण सुतार जातीत जन्मलेल्या आणि स्वतःच्या समाजाचा रोष पुरेपूर सोसलेल्या या बाईने बायकांच्या भीतीला तुच्छ कधी लेखले नाही.

पारशी समाजाचे उदाहरणही या दृष्टीने अभ्यसनीय आहे. शुचितेच्या धर्मनियमांमुळे पारशी बाळंतिणीला चाळीस दिवस वेगळे बसावे लागे, आणि ही जागा बहुधा तळमजल्यावरची, ओलसर आणि कोंदट अशी असे. सूतिकाज्वराने बळी पडणाऱ्या बाया म्हणूनच पुष्कळ होत्या. डॉ. तेमुलजी नरिमन यांनी १८८७ साली पारशी प्रसूतिगृह काढले ते हे पाहून. वेगळे बसण्याची रीत सोडा, असे ते समाजाला सांगते तर त्यांच्याकडे कोणी फिरकले नसते. वेगळेपण राहू द्यावे आणि त्याची जागा मात्र कोरडी, उजेडाची व स्वच्छ असावी, अशी त्यांनी तजवीज केली. रिवाजातला जीवघेणा अंश काढून टाकावा, त्यातले मनाला आधार देणारे तसेच राखावे, ही नरिमनांची रीत मला आजही अनुकरणीय वाटते.

मात्र येथपर्यंतच्या हकीकतींनी मन सुखावते न सुखावते तोच एक प्रश्न पुढे उभा राहतो. रिवाजांचा आदर झाला, पण कोणाच्या? लेडी डफरीन यांनी उभारलेल्या निधीच्या छायेखाली १८८५ नंतर जी स्त्री-रुग्णालये निघाली, त्यांत पडद्याची सोय, जातिनियमांप्रमाणे निराळे कक्ष आणि निराळा स्वयंपाक यांकडे कसोशीने लक्ष दिले जाई, कारण त्याखेरीज प्रतिष्ठित घरच्या बाया येणार नाहीत अशी चालकांची खात्री होती. वरच्या जातीच्या बाईचा आचार सांभाळावयाचा म्हणजे खालच्या जातीच्या बाईला दूर ठेवावयाचे, हे त्या आदराचे दुसरे अंग होते. संस्कृतीचा मान राखणे आणि सर्वांना समान वागणूक देणे या दोन गोष्टी आपण आज एका दमात उच्चारतो. पण आपल्या देशात त्या कित्येकदा एकमेकींच्या आड आल्या आहेत, आणि आड आल्या तेव्हा दुसरीला माघार घ्यावी लागली आहे.

याचा सर्वांत करुण दाखला काठेवाडातला आहे. १९२९ च्या डिसेंबरात एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींच्या टिपणात ते समग्र उतरवून घेतले. शिक्षकाची बायको पाच तारखेस बाळंत झाली आणि सात तारखेस आजारी पडली. श्वास लागला, बरगड्यांत कळा येऊ लागल्या. डॉक्टर अस्पृश्याच्या घरी येण्यास राजी होईना. शिक्षक नगरशेठाकडे आणि दरबाराकडे गेला, गयावया केली, नगरशेठ दोन रुपये फीसाठी जामीन राहिला, तेव्हा डॉक्टर निघाला. तोही वस्तीबाहेर तपासीन या अटीवर. दोन दिवसांचे मूल आणि तापाने फणफणलेली बाई अशी दोघांना वस्तीबाहेर आणले गेले. रात्रीचे आठ वाजले होते. डॉक्टरने तापमापक एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच क्रमाने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्युमोनिया असल्याचे सांगितले, औषध पाठवून दिले आणि पुन्हा येण्यास नकार दिला. ती बाई वारली. त्या गावात विद्या होती, औषध होते, तापमापक होते, फीसुद्धा दिली गेली होती. आपल्याकडच्या गावची मांगीण सुईण त्या डॉक्टरच्या हातांनी जे केले नाही ते रोज करीत असे. ती रोगिणीच्या अंगाला हात लावी.

याच वर्षी मुंबई इलाख्यात मजूर बायकांच्या बाळंतपणाविषयी एक कायदा झाला आणि त्याच्या पूर्वपीठिकेतही आंबेडकरांचे नाव येते. ती पूर्वपीठिका गिरणगावातली आहे. १९२१ साली मुंबई शहरात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची सरकारी नोंद आहे, आणि एकखोलीच्या बिऱ्हाडांत हाच आकडा आठशेच्या वर दाखविला होता. हा आकडा वाचून ज्यांनी गिरणीतल्या बायांच्या आईपणावर कोरडे ओढले, त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून सांगावीशी वाटली नाही. रत्नागिरी, सातारा, कुलाबा या जिल्ह्यांतून आलेल्या पुष्कळ बाया बाळंतपणासाठी गावी जात आणि मूल घेऊन परत येत. त्यामुळे जन्म लिहिला जाई गावच्या दप्तरी आणि मृत्यू मुंबईच्या, आणि शहराचे प्रमाण होते त्याहून विक्राळ दिसे. तरीही त्या चाळींत मुले फार मरत होती, याविषयी दुमत नाही. कारणे शोधावयास मुंबई सरकारने १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. गिरणीत राबणाऱ्या बायांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू चारली जाते, असे त्यांनी नोंदविले. बाळागोळीतून दिली जाणारी ती अफू होती. पाळण्यातले मूल खोलीत एकटे किंवा शेजारच्या म्हातारीच्या हवाली टाकून दहा तास साच्यावर उभे राहावयाचे असेल, तर ते मूल निजलेले असले पाहिजे. बाळागोळी ही त्या दहा तासांची गरज होती. तिला बायकांची खुळी समजूत म्हणणे म्हणजे गिरणीचा भोंगा ऐकू येत नाही असे म्हणण्यासारखे आहे.

माहेरी जाऊन बाळंत होण्याची रीत या बायांनी सोडली नव्हती. सोडावयाची त्यांची इच्छाही नव्हती. पण गावी जावयाचे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पगार गेला, कदाचित जागाही गेली. म्हणून दिवस भरत येईपर्यंत काम करावयाचे आणि अंग सावरले न सावरले तोच पुन्हा खात्यात हजर व्हावयाचे, हा शिरस्ता होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात आसवले या सदस्यांनी प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले, तेव्हा गिरणीमालकांच्या बाजूने उद्योगावर बोजा पडेल अशी हाकाटी झाली. जुलै महिन्यातील चर्चेत आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, या खर्चाचा वाटा सरकारने उचलणे योग्य असले तरी जो मालक बाईच्या श्रमाने नफा मिळवितो त्यालाही जबाबदारी टाळता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ च्या कायद्याने बाळंतपणाच्या आधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे, दर दिवशी आठ आणे, इतकी मदत मालकाने द्यावी असे ठरले. आठ आणे आज क्षुल्लक वाटतील. सात आठवड्यांच्या त्या रकमेत कोकणची बोट आणि महिन्याचे तांदूळ बसत होते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे या कायद्याने काय साधले ते कळते. त्याने कोणत्याही बाईला तिची रीत सोडावयास सांगितले नाही. ती पाळण्याइतका पैसा तिच्या हाती दिला. पुढच्या काळात गिरण्यांनी बाया कमी केल्या, त्याला इतर कारणांबरोबर हा बोजा टाळण्याची प्रवृत्तीही जबाबदार होती, हे कटू सत्य येथेच नोंदवून ठेवतो.

दरम्यान सुईणीला शिकविण्याचे आणि शिकलेली सुईण निर्माण करण्याचे प्रयत्नही चालू होते. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने देशी दायांच्या शिक्षणासाठी निधी निघाला. नखे काढावी, हात धुवावे, कात्री उकळून घ्यावी, एवढ्या साध्या गोष्टी शिकवावयाच्या होत्या; पण वर्गाला येणाऱ्या दाईची दिवसाची मजुरी बुडते याचा विचार जेथे झाला नाही तेथे वर्ग ओस पडले, आणि जेथे तिला भत्ता मिळाला तेथे ती आली. पुण्यास रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ नंतर वेगळी वाट चोखाळली. ज्या तरुण विधवांना घरात कोपरा एवढेच स्थान होते, त्यांना ससून इस्पितळात परिचारिका व सुईणीचे शिक्षण मिळवून देण्यास संस्थेने आरंभ केला. रोग्याच्या मलमूत्राला हात लावणारी ब्राह्मण विधवा ही कल्पनाच त्या काळच्या पुण्याला असह्य होती. जे काम पिढ्यान्‌पिढ्या मांगिणीच्या पदरात विटाळ म्हणून टाकले होते, ते सेवासदनाच्या मुलींनी प्रमाणपत्रासह व्यवसाय म्हणून स्वीकारले, तेव्हा त्याला प्रतिष्ठा आली. ही गोष्ट अभिमानाची आहे. मात्र ती प्रतिष्ठा मूळच्या सुईणीच्या वाट्याला आली नाही, उलट तिचा धंदा कालांतराने बेकायदेशीर वाटू लागला, हा या अभिमानाला लागलेला डाग आहे.

१९२६ साली परळला, गिरणगावाच्या ऐन मध्यात, नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले आणि चाळीतल्या बाईला चालत जाता येईल इतक्या अंतरावर इस्पितळ आले. १९२८ साली कामा इस्पितळाची सूत्रे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांच्या हाती आली. ती त्यांनी १९४७ पर्यंत सांभाळली. मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी करून १९४१ साली त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला. आनंदीबाईंनी जे मागितले होते, म्हणजे रोगिणीची भाषा आपली म्हणून बोलणारी स्त्री-डॉक्टर, ते कामा इस्पितळाला अशा रीतीने पंचेचाळीस वर्षांनी लाभले.

स्वातंत्र्यानंतरच्या हकीकतीत मी फार शिरत नाही, पण गडचिरोलीचा उल्लेख टाळता येत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात तेथे काम मांडले आणि आदिवासींना विचारले की तुम्ही इस्पितळात का येत नाही. उत्तर मिळाले की तेथील माणसे पांढरे कपडे घालतात, आमच्यात पांढरे कापड प्रेताला गुंडाळतात, आणि नातलगांना तेथे राहू देत नाहीत. मग झोपड्यांच्या धर्तीचे, नातलगांना राहण्याची सोय असलेले आणि दंतेश्वरी देवीच्या नावाचे इस्पितळ बांधले गेले. पुढे ३९ गावांत गावच्याच शिकविलेल्या बायांनी घरोघर जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली, सुईणींनाही सोबत घेतले, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २६ च्या आत आले. हा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाने आदिवासी जिल्ह्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांलगत गरोदर बायांना आधीच येऊन राहण्यासाठी ज्या खोल्या बांधल्या, त्यांना माहेरघर हे नाव दिले. सोबत नातेवाईक बाई आणि धाकटे मूल आणता यावे, बुडालेल्या मजुरीची भरपाई व्हावी, अशी त्यात योजना आहे. गिरणगावच्या बायांनी शंभर वर्षांपूर्वी हेच दोन आधार शोधले होते.

या साऱ्या इतिहासात देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली आढळतात, स्त्री-डॉक्टरांची चरित्रे उपलब्ध आहेत, कायदेमंडळातील भाषणांची पाने छापलेली आहेत. ज्या बायांनी आपल्या आज्या-पणज्यांना बाळंत केले त्या सुईणींची नावे मात्र कोणत्याही दप्तरात नाहीत. घरी जन्मलेली आणि घरीच बाळंत झालेली पिढी आता थोडीच उरली आहे. तेव्हा वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की आपल्या घरातील वृद्ध बायांपाशी बसून त्यांच्या बाळंतपणांना कोण आली होती, ती कोणत्या गावची, कोणत्या जातीची, तिने काय केले, तिला काय दिले आणि तिच्या स्वतःच्या लेकीसुनांचे बाळंतपण कोठे झाले, हे विचारून घ्यावे, आणि तारीखवार जमले नाही तरी तिच्या नावानिशी लिहून ठेवावे.